पैसे काढायचं कारण

"पैसे म्हणजे काय रे?" असं मी चौथीच्या वर्गाला विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "दुकानातला डबा बोलतो की बाई, ते." सगळा वर्ग हसला, मीही हसले. फोननं पैसे दिले की दुकानातला तो प्लास्टिकचा डबा रक्कम मोठ्यानं सांगतो, तेवढीच त्या पोराची पैशाशी ओळख. मला मात्र हसता हसता बरंच वाटलं. शिकवायची खाज माझी जुनी. वर्गात एखादं अज्ञान सापडलं की मला सणासुदीसारखा हुरूप येतो.

त्या वर्षी वरून आदेश आला होता, मुलांना लहान वयातच पैशाचे व्यवहार शिकवा. त्यासाठी आम्हा मास्तरणींना एका हॉलमध्ये दिवसभर बसवलं. चहा, दोन बिस्किटं आणि पडद्यावर चित्रं. माझ्या मुलाच्या वयाचा एक टायवाला पोरगा 'गरज' आणि 'हौस' यातला फरक समजावत होता. मी मनात म्हटलं, बाळा, हे तू आम्हाला सांगतोस? माझं माहेर कारकुनाचं. आमच्याकडे साखरेचा चमचा सपाट करूनच चहात पडायचा. वडील पाकिटं उलटी करून त्यावर हिशेब लिहायचे आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आम्हाला म्हण म्हणून नाही, तर खरोखरच आखूड अंथरुणावर शिकवलं गेलं. पैशाचं शिक्षण द्यायला माझ्याइतकी लायक बाई सोलापूरच्या अख्ख्या पूर्व भागात नाही, अशा थाटात मी शाळेत परत आले.

आमच्या शाळेत येणारी मुलं यंत्रमागावरच्या कामगारांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची. बहुतेकांच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. मी तिथं तेव्हा एकवीस वर्षं शिकवत होते. मुलांना शिव्या कुठल्या भाषेत द्यायच्या आणि शाबासकी कुठल्या, हे मला नेमकं कळत होतं. वस्ती मला कळते, असं मी नव्या शिक्षिकांना सांगतही असे.

मी वर्गात बँक काढली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, एक जाड वही आणि चित्रकलेचे कागद कापून शिवलेली पासबुकं. दर शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांनी एक, दोन, पाच, जमेल तेवढे रुपये भरायचे. फळ्यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' लिहायचं. पैसे मिळणार एप्रिलमध्ये, निकालाच्या आदल्या दिवशी. त्याआधी कुणाला हवे असतील तर त्यानं वर्गासमोर उभं राहून कारण सांगायचं आणि ती गरज की हौस हे सगळ्यांनी ठरवायचं. या शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता. आमच्या मुख्याध्यापकांनी बाहेरच्या एका साहेबांना मुद्दाम तो तास दाखवायला आणलं होतं. साहेबांनी फोटो काढले आणि जाताना माझा हात हातात घेऊन "असे शिक्षक पाहिजेत" म्हणाले. महिनाभर मी त्या वाक्यावर जगले.

बँकेची मॅनेजर म्हणून मी वर्गातली एक मुलगी नेमली. दहा वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या घालणारी. तिची आई घरी विड्या वळायची. बाप मागावर होता आणि मिळवलेलं बहुतेक बाहेरच संपवून घरी यायचा. पहिलीत असताना मी तिला तीनदा नळावर हात धुवायला पाठवलं होतं, बोटांची टोकं तपकिरी दिसायची म्हणून. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "जात न्हाई बाई ते. तंबाखूचं हाय." वळलेल्या विडीची तोंडं बंद करायला ती आईला मदत करायची. त्या वस्तीत पोरींना ते काम चमच्यानं जेवता येण्याआधी येतं. पण हिशेब! पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्या म्हणजे हजार, हे घरात ऐकून ऐकून तिचा पंचवीसचा पाढा माझ्यापेक्षा वेगात चालायचा. चाळीस मुलांची जमा ती तोंडी मिळवायची आणि वहीतल्या बेरजेला एकदाही खाडाखोड नसायची. तिला शिष्यवृत्तीला बसवायचं मी मनाशी ठरवलं होतं. तिच्या आईलाही एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "या पोरीला घरात बसवू नका हं." आई नुसती हसली होती.

जानेवारी आला आणि गड्डा भरला, आमची संक्रांतीची मोठी जत्रा. आता सोलापूरच्या पोराला गड्ड्याच्या दिवसांत बचत शिकवायची म्हणजे मांजराला दुधाची राखण शिकवायची. मैदानावर पाळणे लागले आणि माझ्या बँकेत रोज कारणं यायला लागली. एकाला वही हवी होती, एकाच्या बहिणीला ताप होता. एकानं तर आजी वारली म्हणून सांगितलं आणि मधल्या सुट्टीत तीच आजी त्याचा डबा घेऊन फाटकाशी उभी राहिली. मी त्या आजीला वर्गात आणून उभं केलं आणि म्हटलं, "बघा, वारलेली माणसं डबा घेऊन येतात." पोरं लोळायची बाकी राहिली. तेव्हाच मी जाहीर केलं, गड्डा उठेपर्यंत कारण कितीही मोठं असो, एक रुपया मिळणार नाही.

त्याच आठवड्यातला शनिवार. बँकेची वेळ संपली होती. मॅनेजरनं डब्यातले पैसे मोजले, नोटा एकीकडे, नाणी एकीकडे बांधली, वहीत बेरीज लिहिली आणि सगळं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पण ती जागेवर गेली नाही.

"बाई, माझे पैसे पायजे होते. दीडशे."

तिचे दोनशे बारा जमा होते, वर्गात सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "अगं, मॅनेजरच पैसे काढायला लागली तर बँकेचं कसं व्हायचं?"

"पान आणायचंय. विडीचं. अम्माला कमी पडलंय."

विडीचं पान आणि तंबाखू कारखाना देतो, एवढं मला ठाऊक होतं. बायका कारखान्याच्या वस्तीतल्या शाखेतून पान-तंबाखू आणतात, घरी वळतात, मोजून देतात आणि मजुरी घेतात, हे एकवीस वर्षं मी रोज येता-जाता पाहत होते. मग हिच्या आईला पान विकत कशाला लागेल? मला वाटलं, हीसुद्धा! चाळीस पोरांत जिच्यावर विश्वास टाकला तीच थाप मारायला लागली. मला राग आला. राग आला की माझी जीभ फार चुरचुरीत होते, हे माझ्या घरचे सगळे सांगतील.

"पान कारखाना देतो ना?"

"देतंय बाई, पण—"

"मग? पाळण्यात बसून वळणार आहेस का विड्या?"

वर्ग हसला. ती खाली बघत म्हणाली, "खरंच बाई. उद्यापर्यंत पायजे."

"बरं, आईला घेऊन ये."

"अम्मा येत न्हाई. बसलीय कामाला."

"वा! आई बसलीय आणि तू इथं उभी. खोटं बोलायचं तर निदान आजी तरी मारायची होतीस." पुन्हा हशा. मग मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, "बघितलंत? बचत करणं सोपं असतं. मोह आवरणं अवघड. आणि मोहापायी माणूस खोटारडा होतो." खोटारडी हा शब्द तिच्याकडे बघून मी आणखी एकदा उच्चारला. फळ्यावरच्या 'हौस' या रकान्यात मी खडूनं 'पान' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

ती रडली नाही. जागेवर जाऊन दप्तर भरायला लागली. ज्या डब्यात तिचे दोनशे बारा रुपये होते तो पाच मिनिटांपूर्वी तिच्याच हातात होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर मात्र रोज सुचायला लागलं.

सोमवारी ती आली नाही. मला वाटलं, नाकावर राग आहे, जाईल. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. वहीची बेरीज पुढच्या शनिवारी दुसऱ्या मुलानं केली आणि ती तीनदा चुकली. दहाव्या दिवशी मी शाळा सुटल्यावर गाडी काढली आणि तिच्या घरी गेले. जाताना पैसे बरोबर घेतले होते. सगळे दोनशे बारा. खरं सांगायचं तर त्या वेळीही मी तिला क्षमा करायला निघाले होते.

घराच्या उंबऱ्यातच आई बसली होती, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. शेजारी भिंतीला टेकून मुलगी. तिच्याही मांडीवर सूप होतं. आता ती तोंडं बंद करत नव्हती, विडी वळत होती. पाच वर्षांची धाकटी बहीण दोऱ्याचं रीळ घेऊन मध्ये बसली होती. मला बघून आई गडबडीनं उठली, सतरंजी झटकली. "बसा की बाई, बसा."

मी पानाची गोष्ट काढली. पान तर कारखानाच देतो ना, असं मी विचारलं. तिथंही माझा आवाज वर्गातलाच होता.

"देत्यात की. पण निम्मं फाटकं निघतंय बाई. भोकं पडलेलं, वाळलेलं. ते कापून टाकायचं. तेवढ्या पानात हजार विडी कुटं होत्या? आठशे होत्यात, लई तर साडेआठशे. पन शाखेत हजारच द्यायला लागत्यात. मग कमी पडलं की बाजारातनं आपल्या पैशानं पान आणायचं."

"आणि नाही आणलं तर?"

"एकदा सांभाळून घेत्यात. दोनदा घेत्यात. तिसऱ्या खेपेला कार्ड ठिवून घेत्यात." तिनं हातातली विडी बांधून दोरा तोडला. "आमची तिसरी खेप होती."

कार्ड म्हणजे कारखान्याच्या पटावरचं नाव. कार्ड आहे तर काम आहे, म्हातारपणी फंड आहे, आजारपणात दवाखाना आहे. हे मला माहीत होतं, शाळेच्या फॉर्मवर मी ते कित्येकदा लिहिलं होतं. त्या शनिवारी दीडशे रुपयांचं पान मिळालं असतं तर रविवारभर बसून आईनं हजार पुरे केले असते. आता ती शेजारच्या एका बाईच्या कार्डावर वळत होती. ती बाई हजारामागं आपला वाटा कापून घ्यायची. तेवढेच पैसे घरात यायचे तर जास्त विड्या वळायला हव्यात, आणि जास्त विड्यांना आणखी दोन हात हवेत. ते दोन हात माझ्यासमोर भिंतीला टेकून बसले होते.

"तुम्ही शाळेत का नाही आलात हो त्या दिवशी?" मी म्हटलं. काहीतरी त्यांच्याकडूनही चुकलेलं असावं, अशी मला फार गरज वाटत होती.

"उठले असते तर आनखी पन्नास कमी झाल्या असत्या की." मग ती घाईनं म्हणाली, "पोरीनं सांगितलं मला, बाई न्हाई म्हनल्या. मी म्हनलं, बाई म्हनल्या तर बरोबरच असनार. पोरांस्नी शिस्त पायजे. तुमी काय वाईटासाठी कराल व्हय?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसवल्या असत्या. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. मला रडू आलं आणि ते दाबायला मी पर्समधून पैसे काढले. दोनशे बारा आणि त्यावर पाचशेची एक नोट. आईनं पैसे मोजले, पाचशेची नोट बाजूला काढून माझ्यासमोर ठेवली. "हे आमचं नव्हं बाई." बाकीचे तिनं मुलीकडे दिले. मुलीनं सूप खाली ठेवलं, बोटं फ्रॉकला पुसली आणि मोजले. "दोनशे बारा. बरोबर हाय," असं ती आईला म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं. उद्या ये शाळेत." तिनं पुढचं पान उचललं.

"दोन म्हैने जाऊ द्या," आई म्हणाली. "कार्ड परत मिळतंय का बघते. मग धाडते."

परतताना मला आधी कारखान्याचा राग आला. मग त्या टायवाल्या पोराचा, ज्यानं पडद्यावर दोनच रकाने दाखवले होते. मग साहेबांचा आणि त्यांच्या फोटोंचा. घर येईपर्यंत सगळे संपले आणि एकटी मी उरले. रात्री नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. इतकी वर्षं ज्यांना अंथरूण पाहून पाय पसरा म्हणून सांगत होते, त्यांच्या अंथरुणाकडे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, विडीचं पान विकत आणावं लागतं हे कुणाकुणाला माहीत होतं? आधी एक हात वर झाला, मग तीन, मग निम्म्याहून जास्त वर्ग हात वर करून बसला. आजी मेलेला पोरगाही त्यात होता.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत कुणी?"

शेवटी तोच म्हणाला, "तुमी हसत होता की बाई."

मी आणखी तीनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्या वेळी दार लावलेलं होतं आणि आत कुजबुज ऐकू येत होती. शाळाबाह्य मुलांचा फॉर्म भरताना कारणाच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले आणि 'घरकाम' लिहिलं, सगळेच लिहितात तसं. शाखेतही जाऊन आले. तिथल्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. एकीला सोडलं तर उद्या शंभर जणी कारणं घेऊन येतील." मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण ते वाक्य माझ्या इतकं ओळखीचं होतं की मी पाणी पिऊन उठले. कार्ड परत मिळालं नाही. एप्रिलमध्ये मी तिला कागदावर पास केलं. पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जावं लागतं, त्याचा दाखला लिहून ठेवला. तो न्यायला कुणी आलं नाही.

आमच्याकडे चौथी सोडली की त्या बाईंनी पुन्हा पहिली घ्यायची असते. जूनमध्ये मला पहिली मिळाली. बँक बंद करावी असं मनात होतं, पण मुख्याध्यापक म्हणाले, एवढी नावाजलेली गोष्ट बंद कशाला करता? मग मी नियम बदलले. कुणीही, केव्हाही, कारण न सांगता पैसे काढावेत. एवढं केलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

पहिलीच्या पटावर तिची धाकटी बहीण होती. जुलैतल्या एका शनिवारी मी एकेकाचं नाव घेत होते, मुलं येऊन डब्यात रुपया-दोन रुपये टाकत होती. तिचं नाव घेतलं. ती पुढं आली, मुठीत पाचाचं नाणं होतं. डब्यासमोर उभी राहिली, पण मूठ उघडेना.

"टाक की," मी म्हटलं.

"न्हाई. अक्का म्हनली, बाईंकडं द्यायचे न्हाईत. दिले की मागायला लागत्यात."

मी वाकून तिच्या उंचीवर आले. शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हटलं, "बरं, नको देऊस. अक्का कशी आहे? तिला म्हणावं, बाईंनी बोलावलंय. दाखला ठेवलाय, पाचवीत नाव घालून देते."

तिनं जोरजोरात मान हलवली. मला काहीच कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कौतुकानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्काला शाळा कशाला? तिचा हात बसला की आता. दिवसाला पाचशे वळती."

पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी "बाप रे" म्हणाल्या. पाचशे म्हणजे किती, हे त्यांना मी अजून शिकवलं नव्हतं.